सुरी, तेल आणि गंज

आपल्या लोकांनी भारत सोडताना ट्रंकांतून काय काय आणले, याची कोणी यादी केली तर ती मोठी वाचनीय होईल. तांब्याची पातेली, पाटा-वरवंटा, विळी, आजीचे लुगडे, कोणाच्या घरी हनुक्काचा दिवा. आणि काही घरांत, सुती फडक्यात गुंडाळलेली, सरळ पात्याची, पुढे टोक नसलेली एक सुरी. ज्या घराण्यात कोणी हजान होऊन गेले, त्या घराण्यात ही सुरी हमखास असावयाची. कारण कोकणातल्या लहान गावांत हजान हेच पुष्कळदा प्रार्थना चालवीत, मुलांना शिकवीत, मिला करीत आणि शेहिताही करीत. एक माणूस आणि चार कामे, तसेच एक पेटी आणि तिच्यात दोन-तीन पाती, असा तो प्रकार होता.

आमच्या आजोबांची सुरी आमच्याकडे आली ती वडिलांच्या हातून. वडील होते तोवर तिची निगा ते स्वतः ठेवीत. त्यांच्या पश्चात आम्हां भावंडांनी ती मोठ्या आदराने चामड्याच्या म्यानात घातली, म्यान प्लास्टिकच्या पिशवीत घातले, पिशवीचे तोंड घट्ट बांधले आणि कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर ठेवून दिली. आमचे घर अश्दोदला, समुद्रापासून चालत जाण्याइतके जवळ. सात-आठ वर्षे पिशवी कोणी सोडली नाही. जेव्हा सोडली तेव्हा पाते म्यानातून निघेना. ओढून काढले तर अर्धे पाते तांबूस झालेले आणि धारेजवळ बारीक खड्डे पडलेले.

यापुढची चूक अधिक मोठी होती. एका परिचिताच्या सांगण्यावरून आम्ही पॉलिश-कागद आणला आणि पाते घासून लखलखीत केले. सर्वांना आनंद झाला. दुसऱ्या दिवशी ध्यानात आले की मुठीजवळ पात्यावर जी लहानशी खूण उमटवलेली होती, ती गंजाबरोबर निघून गेली. ती खूण कारखान्याची होती की गावच्या एखाद्या लोहाराची, हे वडिलांना कधी विचारावयाचे राहिले आणि आता पात्यालाही विचारता येत नाही. सुरी कोठली, केव्हाची, हे सांगणारी तेवढी एकच साक्ष होती. ती आम्ही स्वतःच्या हाताने पुसली.

तेव्हापासून लोखंड, गंज आणि सुऱ्या जतन करण्याच्या रीती यांविषयी जे वाचले आणि पाहिले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यात आपल्या समाजाचाही थोडा इतिहास येतो.

प्रथम गंज म्हणजे काय ते पाहू. खाणीतील लोखंड मातीसारख्या रूपात असते. भट्टीत घालून माणूस त्याचे लोखंड करतो, पण त्याची ओढ परत मूळ रूपाकडे असते. पाणी आणि हवेतील प्राणवायू ही दोन्ही एकदम मिळाली की ते मागे वळू लागते. मीठ मिळाले की तीच क्रिया झपाट्याने होते. तांब्यावर हिरवट थर चढतो तो बहुधा खालच्या तांब्याला झाकून धरतो. लोखंडाचा गंज तसा नाही. तो सच्छिद्र असतो, मूळ लोखंडापेक्षा पुष्कळ अधिक जागा घेतो, फुगतो, सुटतो आणि आपल्या पोटात ओल धरून ठेवतो. म्हणून एक ठिपका पडला की तो तेथे थांबत नाही. इंग्लंडमधील व्हर्नन या शास्त्रज्ञाने 1930 च्या दशकात प्रयोगांनी असे दाखवले की शहरी, थोड्याशा दूषित हवेत आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की लोखंडाचे गंजणे एकदम वाढते. हवेत मीठ असेल तर ही मर्यादा याहूनही खाली येते.

आता आपल्या पूर्वजांचे गाव डोळ्यांसमोर आणा. अलिबाग, रेवदंडा, नवगाव, मुरूड. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस खाडी, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस. भिंतींना ओल, कपड्यांना बुरशी, पापड मऊ. अशा हवेत लोखंडाचे पाते पिढ्यान्‌पिढ्या टिकले, हीच मुळी नवलाची गोष्ट आहे. आणि ते टिकले ते तेलामुळे.

कोकणात आपल्या लोकांना शनवार तेली म्हणत, हे येथे जन्मलेल्या मुलांनाही एव्हाना ऐकून ठाऊक असते. शनिवारी घाणा बंद, बैल सुटलेला, म्हणून शनवार तेली. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली. या नावाचा उल्लेख आपण नेहमी शब्बाथच्या संदर्भात करतो आणि ते योग्यच आहे. पण घाण्याच्या घरात तेल हे केवळ विकण्याचे जिन्नस नव्हते. विळी, कोयता, अडकित्ता, सुरी, सगळ्यांवरून तेलाचा हात फिरे. आमच्या आजीची रीत अशी होती: विळी राखेने घासावयाची, धुवावयाची, चुलीजवळ धरून कोरडी करावयाची आणि मग खोबरेल लावलेली चिंधी पात्यावरून फिरवावयाची. आजीला रसायनशास्त्र येत नव्हते. पण लाकडाची राख क्षारयुक्त असते आणि क्षारयुक्त वातावरणात लोखंड सहजी गंजत नाही. चुलीच्या उबेने ओल जाते. आणि तेलाचा पातळ थर पाण्याला पात्यापर्यंत पोहोचू देत नाही. तिन्ही गोष्टी शास्त्राला धरूनच होत्या.

तेलाने रक्षण करण्याची ही रीत आपल्या पवित्र शास्त्रालाही अपरिचित नाही. यशया संदेष्ट्याच्या एकविसाव्या अध्यायात सरदारांना ढालींना तेल लावण्यास सांगितले आहे. शौल राजाच्या मृत्यूवर दाविदाने केलेल्या विलापातही ढालीच्या तेलाचा उल्लेख येतो. त्या काळच्या ढाली बहुतेक चामड्याच्या, त्यामुळे तेल चामडे मऊ राहावे म्हणून असेल. तरीही शस्त्र जपावयाचे तर तेल हवे, ही समजूत किती जुनी आहे हे यावरून दिसते.

लोखंडाची टंचाईही आपल्या शास्त्रात नोंदलेली आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात सांगितले आहे की इस्राएलाच्या साऱ्या देशात लोहार नव्हता आणि फाळ, कुऱ्हाडी पाजळून घेण्यास लोकांना पलिष्ट्यांकडे जावे लागे. त्याबद्दल द्यावयाची किंमत ‘पीम’ या शब्दाने सांगितली आहे. हा शब्द शतकानुशतके पंडितांना कोड्यात टाकीत होता. पुढे या भूमीतील उत्खननांत ‘पीम’ अशी अक्षरे कोरलेली लहान दगडी वजने सापडली, प्रत्येकी सुमारे पावणेआठ ग्रॅमची, आणि कोडे सुटले. ज्या लोकांना धार लावून घेण्यासाठीही चांदी तोलून द्यावी लागे, ते आपले लोखंड उघड्यावर टाकून देत नसणार हे उघड आहे.

मिश्नाच्या काळापर्यंत गंज हा धर्मशास्त्राच्या विचाराचा विषय झाला होता. केलीम या भागाच्या तेराव्या अध्यायात गंजलेल्या सुईचा प्रश्न येतो. गंजामुळे शिवणे अडत असेल तर ती सुई उपकरण म्हणून उरली नाही. अडत नसेल तर ती अद्याप उपकरणच आहे. गंजासाठी तेथे जो ‘हलुदा’ हा शब्द आहे, तोच शब्द आज आपली मुले येथील शाळेत वापरतात.

शेहितेच्या सुरीचा नियम मात्र सुईपेक्षा फार कडक. हुल्लीन या ग्रंथात सांगितले आहे की सुरी बोटाच्या मांसावर आणि नखावर, तीन बाजूंनी तपासावी. म्हणजे मधली धार आणि तिच्या दोन कडा. नख अडकेल एवढासा दाता जरी लागला तरी ती सुरी चालत नाही. तपासणी कापण्यापूर्वी करावयाची आणि नंतरही करावयाची. आता विचार करा. दगडावर आपटून दाता पडला तर तो पडल्याचे माणसाला कळते. गंजाचा खड्डा सुरी स्वस्थ पडली असताना, कोणाच्याही नकळत पडतो. काल निर्दोष असलेली सुरी महिन्याने सदोष होते आणि या मधल्या काळात तिला कोणी हातही लावलेला नसतो. म्हणून शोहेताच्या घरी सुरी सांभाळून ठेवणे ही नुसती काटकसर नव्हती, तो त्याच्या कामाचाच भाग होता. रक्तात पाणीही असते आणि मीठही. काम झाल्याबरोबर सुरी धुणे, पुसणे, तपासणे, तेल लावणे, फडक्यात गुंडाळणे हा क्रम आमच्या वडिलांनी आजोबांकडे पाहून उचलला होता. त्यांनी स्वतः कधी शेहिता केली नाही, पण दर महिन्यास फडके सोडून ते पात्यावरून नख फिरवीत. लहानपणी आम्हांला हा त्यांचा एक चाळा वाटे.

येथे आपल्या इतिहासातील एक गोष्ट आठवते. मुंबईतील आपले पहिले प्रार्थनामंदिर शमुएल एझीकेल दिवेकर यांनी 1796 मध्ये बांधले. कोचीनचे शिक्षक आपल्यात येऊन शिकवू लागले, छापील मराठी पुस्तके निघाली, हे त्यानंतरच्या शतकातले. हाईम शमुएल केहिमकर यांनी 1897 मध्ये लिहून पुरा केलेला आणि 1937 मध्ये तेल अवीव येथे छापला गेलेला इतिहास ज्यांनी वाचला असेल, त्यांना हे ठाऊक आहे की पुस्तके नव्हती त्या दीर्घ काळातही शेमा होता, शब्बाथ होता, मिला होती, खाण्यापिण्याचे नियम होते. मिला सुरीवाचून होत नाही. म्हणजे आपल्या कोकणातील घरांत पोथी येण्यापूर्वीपासून पाते होते. ते ज्यांनी ओलाव्यात जपले, त्यांनी केवळ लोखंड जपले नाही.

आता या देशात या. येथे जमिनीनेच लोखंड कसे जपले आणि कसे खाल्ले, याची दोन उदाहरणे अलीकडेच जगापुढे आली. सप्टेंबर 2023 मध्ये पुरातत्त्व खात्याने जाहीर केले की मृत समुद्राच्या काठी एन गेदीजवळच्या एका गुहेत चार रोमन तलवारी सापडल्या आहेत. संशोधक गेले होते ते गुहेतील एका प्राचीन हिब्रू लेखाची छायाचित्रे घेण्यास. भिंतीतील एका खोल फटीत त्यांना या तलवारी दिसल्या. तिघींची पाती 60 ते 65 सेंटिमीटर लांब, चौथीचे सुमारे 45. लाकडाची आणि चामड्याची म्यानेही शिल्लक होती. बार कोखबाच्या बंडाच्या वेळी, म्हणजे इसवी सन 132 ते 135 च्या सुमारास, रोमन सैन्याकडून मिळवून त्या तेथे लपवल्या गेल्या असाव्यात असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. जवळजवळ 1900 वर्षे झाली, तरी पाती ओळखू येतील एवढीच नव्हे, तर हातात धरता येतील अशी.

दुसरे उदाहरण 2021 चे. कर्मेल किनाऱ्याजवळ समुद्राच्या तळाशी एका पाणबुड्याला क्रुसेडच्या काळची, सुमारे 900 वर्षांपूर्वीची तलवार मिळाली. ती वर आली तेव्हा तिच्यावर शिंपले, वाळू आणि सागरी जिवांचा एवढा जाड थर होता की लोखंड दिसतच नव्हते. वयाने ती एन गेदीच्या तलवारींच्या निम्मीही नाही.

फरक कशाचा? मृत समुद्राच्या काठी वर्षाला 100 मिलिमीटरही पाऊस पडत नाही आणि गुहेत तोही शिरत नाही. आमच्या सुरीचा चामड्याच्या म्यानाने घात केला. एन गेदीच्या तलवारी चामड्या-लाकडाच्या म्यानांतच होत्या आणि वाचल्या. कारण चामडे स्वतः पाणी निर्माण करीत नाही. ते भोवतालची ओल शोषून पात्याला चिकटवून धरते. शिवाय कातडे कमावताना वापरलेली आम्ले आणि क्षार त्यात उरलेले असतात. कोरड्या गुहेत शोषावयाला ओलच नव्हती. अश्दोदच्या कपाटात ती भरपूर होती आणि प्लास्टिकच्या पिशवीने ती आतल्या आत कोंडून ठेवली.

यावरून आपल्या लोकांना एक व्यावहारिक धडा मिळतो. दिमोना, येरुहाम, बेर शेवा येथे राहणाऱ्या आपल्या बांधवांची हवा एन गेदीच्या गुहेच्या जवळची. अश्दोद, अश्कलोन, हैफा येथे राहणाऱ्यांची हवा रेवदंड्याच्या जवळची. एकाच आजोबांच्या दोन सुऱ्या दोन भावांनी या दोन ठिकाणी सारख्याच रीतीने ठेवल्या, तर एक राहील आणि एक जाईल.

इतर देशांत काय करतात, तेही पाहण्यासारखे आहे. जपानात तलवारीचे शोभिवंत म्यान वेगळे आणि ठेवण्याचे म्यान वेगळे. ठेवण्यासाठी साधे, रंगरोगण न लावलेले लाकडी म्यान असते. ठराविक काळाने पाते बाहेर काढतात, जुने तेल मऊ कागदाने आणि बारीक भुकटीने पुसून घेतात आणि नवे, लवंगेच्या वासाचे तेल अगदी पातळ लावतात. इंग्लंडात शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली यांनी 1913 मध्ये सुमारे 12.8 टक्के क्रोमियम असलेले पोलाद ओतले आणि तेथून स्टेनलेस स्टीलच्या सुऱ्यांचे युग सुरू झाले. क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर पात्यावर आपोआप तयार होतो आणि ओरखडा पडला तर पुन्हा भरून येतो. तरीही स्टेनलेस म्हणजे अमर नव्हे. चमच्यांच्या स्टीलमध्ये क्रोमियमबरोबर बहुधा निकेलही असते. सुरीचे पोलाद धार राहावी म्हणून अधिक कडक ठेवतात, म्हणून खारट पाण्यात पडून राहिलेल्या सुरीवर ठिपके दिसतात आणि चमच्यांवर दिसत नाहीत. आजोबांच्या काळच्या साध्या पोलादाला तर हे कवचच नाही.

ज्यांच्या घरी अशी जुनी पाती आहेत त्यांनी काय करावे, ते आता सांगतो. आमचे हात पोळले आहेत म्हणून सांगण्याचा थोडा अधिकार आहे.

पाते म्यानात ठेवू नये. म्यान टाकूनही देऊ नये; ते बाजूस, वेगळे ठेवावे. पाते हाताळताना हातमोजे किंवा फडके घ्यावे, कारण घामात मीठ असते आणि बोटाचा ठसा काही दिवसांनी तांबूस होऊन उमटतो. कोरड्या मऊ फडक्याने पुसून शिवणयंत्राचे स्वच्छ तेल अगदी पातळ लावावे. खोबरेल किंवा तिळाचे तेल आजी लावीत असे ते ठीक होते, कारण विळी रोज वापरात होती आणि तेल रोज नवे होते. वर्षानुवर्षे ठेवावयाच्या वस्तूवर खाद्यतेल खवट होते, चिकट होते आणि त्यातील आम्ल उलट धातूला खाते. संग्रहालयांतून तेलाऐवजी शुद्ध मेणाचा पातळ थरही देतात. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत 1950 च्या दशकात तयार झालेले सूक्ष्म-स्फटिकी मेण यासाठी प्रसिद्ध आहे. मात्र जी सुरी अन्नासाठी वापरावयाची आहे तिला असले काही लावू नये; त्यासाठी खाण्यास चालणारे खनिज तेल मिळते.

नंतर धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवावी. डब्यात औषधांच्या बाटल्यांतून येते तशी सिलिका जेलची पुडी असावी. ती ओल शोषून घेते, पण तिचे पोट भरले की काम थांबते. म्हणून अधूनमधून बदलावी. ओकच्या लाकडाची पेटी टाळावी, कारण त्यातून आंबट वाफ निघत राहते. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि बाहेरची भिंत यांपासून डबा दूर ठेवावा.

आणि गंज आधीच चढला असेल तर? पॉलिश-कागद हाती घेऊ नये. तेलात बुडवलेल्या कापडाने सुटा तांबूस गंज हलकेच पुसावा. खालचा काळपट, घट्ट बसलेला थर खरवडू नये. तो बहुधा स्थिर असतो. खड्डे फार खोल असतील तर जाणत्या माणसास दाखवावे. मात्र काहीही करण्यापूर्वी पात्याच्या दोन्ही बाजूंची, विशेषतः मुठीजवळच्या भागाची, उजेड तिरका पाडून छायाचित्रे घ्यावी. साध्या नजरेला न दिसणारी अक्षरे तिरक्या उजेडात दिसतात.

राहिली शेवटची गोष्ट. आमची सुरी वाईट तेलाने गेली नाही, की नुसत्या चामड्यानेही गेली नाही. आठ वर्षे ती कोणी पाहिली नाही म्हणून गेली. वडील दर महिन्यास फडके सोडीत त्याला आम्ही चाळा म्हणत होतो, तोच खरा उपाय होता. येथे आपल्याला मांस दुकानातून मिळते, शोहेत दुसरा कोणी असतो, त्यामुळे घरातल्या सुरीला कोणी हात लावण्याचे कारण उरले नाही. कारण आपणच ठरवून घ्यावयास हवे. दर रोश होदेशला पाच मिनिटे पुरतात. डबा उघडावा, पाते पाहावे, पुसावे, मुलांना जवळ बसवून ती कोणाची, कोणत्या गावची, काय कामाची हे सांगावे, आणि पुन्हा ठेवावे. डब्यात एक कागदही ठेवावा, पण पात्याला न लागेल असा: आजोबांचे नाव, गाव, सुरी केव्हा आणि कोणाबरोबर या देशात आली, आणि पात्यावर खूण असेल तर तिची नक्कल.

आमच्या डब्यातही आता असा कागद आहे. खुणेच्या जागी आम्ही तिघा भावंडांनी आपापल्या आठवणीप्रमाणे ती काढून पाहिली. तिघांची चित्रे तीन निघाली. तिन्ही तशीच ठेवली आहेत.